दुकानात जन्मलेलं कासव

भाऊंनी उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते घरी बसले आणि करमेना म्हणून एक कासव घेऊन आले. कुत्र्याचं नाव काढलं तरी बायकोला शिंका येत.

"दुकानातच जन्मलंय, भाऊ," दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं.

आठ दिवस कासवानं पानाला तोंड लावलं नाही. सारखं भिंतीला घासत चालत राही.

"त्याला बाहेर जायचंय. तुम्हाला कळत कसं नाही?" बायको म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कासवाची मान हळूच बाहेर काढली आणि चिमट्यानं तीन गोचिड्या उपटल्या. पाठीवर वणव्यात पोळल्याचा जुना डाग होता. "हे रानातून धरून आणलंय. वीस-पंचवीस वर्षांचं तरी असेल."

"मग सोडून येतो."

"कुठे? कुठलं आहे, माहीत आहे? आणि दुकानातला आजार सोबत गेला, तर तिथली बाकीचीही मरतील."

भाऊ तडक दुकानात गेले. दुकानदार जराही ओशाळला नाही. "बदलून देतो की! कालच नवीन आलीत." त्यानं खोकं उघडलं. पाय चिकटपट्टीनं बांधलेली सहा कासवं. दोन मेलेली. "येताना एखाददुसरं जातंच."

आपण एक उचललं, म्हणून ही सहा आली, एवढा हिशोब भाऊंना कुणी समजावून सांगायला नको होता.

ते वन्यजीव कार्यालयात गेले. तक्रार लिहून घेणाऱ्या बाई थांबल्या. "तुम्ही विकत घेतलंत, हेही लिहावं लागेल."

"लिहा."

दंड झाला, तो त्यांनी भरला. दुकानावर धाड पडली. दुकानदार आता रंगीत मासे विकतो आणि भाऊ दिसले की मान फिरवतो. कासव सुटका केंद्रात गेलं. तिथे तसली साठेक आहेत. त्यांतली बहुतेक रानात कधीच परतणार नाहीत, असं तिथल्या माणसानं आडपडदा न ठेवता सांगितलं.

भाऊ दर गुरुवारी तिथे जातात, हौद घासतात, पाला चिरतात. एकदा बायकोही गेली.

"ह्यातलं आपलं कुठलं?"

"आपलं कुठलंच नाही," भाऊ म्हणाले आणि पाल्याची टोपली तिच्या हातात दिली.