ताईचा फोन वगळू नकोस

आधी ताईचं सांगते, मग बाकीचं. ताई म्हणजे पालेगावात मी ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहते, त्या काकींची सून. ती नसती तर आज मी जवळच्या कॅम्प चार वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात नसते, वाशीमकडच्या आमच्या गावात कुणाच्या तरी घरी नांदत असते.

नववीत शाळा सुटली. कारखान्यात मी आधी शिवलेल्या पॅन्टचे धागे कापायचे. शेठनी वेबसाइट काढली तेव्हा मोबाइल बरा चालवते म्हणून ती माझ्याकडे दिली. पण ऑर्डरच येईनात. शेठ एकदा चहा पिता पिता म्हणाले, "बेटा, तेरी वेबसाइट पे तो मक्खी भी नहीं बैठती. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर बंद." धाग्यांवर तोवर दुसरी बाई लागली होती. साइट बंद म्हणजे मी गावी, आणि गावी स्थळ बघून ठेवलेलं.

त्या संध्याकाळी मला जेवण जाईना. ताईनं कारण काढून घेतलं आणि लॅपटॉप उघडला. ती मोठ्या कंपनीत वेबसाइटचंच काम करायची.

"किती लोक आले ते कुणीही मोजतं," ती म्हणाली. "कुठे येऊन मागे फिरले, ते आपण ठरवून टिपायचं. त्याला कस्टम इव्हेंट म्हणतात. आता हे एआय एजंटकडून करून घेता येतं, तसं साधन त्याला जोडलंय मी. तू फक्त सांग काय टिपायचं."

"इंग्लिशमध्ये?"

"अगं, मराठीत सांग. तुझ्यापेक्षा त्याला बरं कळतं मराठी."

मी घाबरत घाबरत लिहिलं: कुणी मापाचा तक्ता उघडला की टीप. कुणी साइज निवडला की टीप. एजंटनं साइटमध्ये ते बसवलं, आणि पुन्हा मलाच विचारलं, बरोबर आहे का. मला असं कुणी विचारायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तक्ता उघडणाऱ्यांची ही रांग. मी धावत ताईकडे गेले. तिनं बघितलं आणि हसत सुटली. "वेडाबाई, ही सगळी तूच आहेस. दिवसभर साइट उघडून बघत होतीस ना?"

होते बघत. धीरच निघत नव्हता. मग तिनं एजंटला सांगून आमचे दोघींचे फोन मोजणीतून वगळले.

त्यानंतर दिसली ती खरी माणसं. थोडीच, पण सगळ्यांचं एकच. पॅन्ट बघायची, मापाचा तक्ता उघडायची आणि निघून जायची. साइज कुणीच निवडत नव्हतं. ताईनं तो तक्ता उघडला. "चौतीस नंबरला सदतीस इंच कंबर? हत्तीला घालणार का?"

तेव्हा कळलं. जीन्स शिवून झाल्यावर धुलाईला जाते आणि आकसते, म्हणून मास्टर कापड मोठं कापतो. त्याच्या फळ्यावरची कापायची मापं आम्ही जशीच्या तशी साइटवर चढवली होती. कारखान्यात ती कुणालाच खटकली नव्हती. आम्ही रोज तीच बघतो.

धुतलेल्या पॅन्टला टेप लावून मी नवी मापं टाकली. हळूहळू लोक साइज निवडायला लागले, ऑर्डरी सुरू झाल्या. शेठ म्हणाले, "चल, चालू ठेव."

पेढे घेऊन भर दुपारी घरी आले, तर ताई घरातच. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजलेली. काकी पडवीत वाल सोलत होत्या.

"ताईला बरं नाही का?"

"तुला नाय सांगितला तिनं? तिचा काम गेला गो. कवाच सांगितलेला हापिसानं."

ऑफिसात तिचं काम आता असेच एआय एजंट करणार होते. ते कसं करायचं, हे तिनंच बसून त्यांना लिहून द्यायचं होतं. दिवसभर ते लिहून ती घरी यायची आणि संध्याकाळी माझं काम वाचवत बसायची. मी रोज समोर होते. मला फक्त माझीच काळजी दिसत होती.

ती उठली, पेढा घेतला. "तुझं काम टिकलं ना? मग झालं," म्हणाली. पेढा अर्धाच खाल्ला.

आता ती पुण्याला बहिणीकडे आहे, काम शोधतेय. फोन केला की "बघू" म्हणते आणि माझंच विचारत बसते. अलीकडे उचलतही नाही. मी एजंटला सांगितलंय, माझा फोन वगळलेला राहू दे, ताईचा वगळू नकोस. तिनं साइट उघडली तर मला कळेल. अजून उघडलेली नाही.

ताई, माझं शिक्षण तुला माहीत आहे. तुला काम लावून देण्याइतकी मी मोठी नाही. पण तू मागे फिरलीस तर कुठून फिरलीस ते मी बघेन, आणि तिथे येऊन तुझ्याशेजारी बसेन, तू बसलीस तशी. आज नाही जमलं तरी कधीतरी हे फेडीन.