काजळी कुणाची

शुक्रवार पेठेतल्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडी आली की तो बोटाला पांढरं फडकं गुंडाळून आधी सायलेन्सरच्या तोंडात फिरवायचा. गिऱ्हाइकाचं बोलणं त्यानंतर.

त्या दिवशी माझ्या मोटारसायकलने फडकं डांबरासारखं काळं केलं. मी तावातच होतो. "इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल! आत्ताच पंपावरच्या बाईला चार लोकांत सुनावून आलोय. भेसळ करता म्हणालो."

त्याने प्लग काढला, तोही काळा. मग त्याने एअर फिल्टर उघडला. त्यावर इतकी धूळ बसली होती की मूळचा रंग दिसेना.

"कवा बदललाय?"

मला आठवेना.

"हवा कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळतंय, म्हून काजळी," तो म्हणाला. "इथेनॉल सोताच ऑक्सिजन घिऊन येतंय. त्यानं काजळी कमीच धरती की. जुन्या गाडीचं रबरी पाइप खराब हुत्यात, ते खरं हाय. पर हे पाप त्याचं न्हाय."

"बरं, नवा टाका."

"टाकतो की." त्याने जुना फिल्टर कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "पंप काय लांब न्हाय. चालत जाऊन ह्यो त्या बाईला दावून या. चार लोकं असतील तवाच दावा. तवर गाडी हितंच ऱ्हाईल."

मी हसलो. त्याने माझी किल्ली खिशात टाकली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

पंप खरंच लांब नव्हता. मला मात्र तो पार दूर मोहोळ गावाला असल्यासारखा वाटला.