आत्या थांबली तेव्हा

आमच्या इमारतीत त्याला सगळे ऑपरेटर म्हणतात. मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर तो सतरा वर्षं बसतो आहे. त्याआधी तिथेच एक्स-रेच्या काळोख्या खोलीत फिल्म धुवायचा. त्या खोलीत डोळस माणसं चाचपडायची आणि हा सरसर काम उरकायचा. फिल्म गेली, संगणक आले, तेव्हा तो बोर्डावर आला. कुठला डॉक्टर घरी भांडून आला आहे, हे तो नुसत्या ‘हॅलो’वरून सांगतो आणि सहसा चुकत नाही.

मी त्याला सातवीत भूगोल शिकवला. तेव्हा त्याला दिसत होतं, असं मी समजत होते. फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो म्हणून मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. खरं तर त्याची नजर आधीपासूनच कडेकडेने विझत आली होती. कुठला बाक कुठे, कुठल्या दाराला उंबरा, नकाशात कुठलं शहर कुठे, हे सगळं पाठ करून तो दोन वर्षं आम्हा डोळसांत बेमालूम मिसळून राहिला होता. घरच्यांनाही पत्ता नव्हता. मी निवृत्त होऊन त्याच्या इमारतीत राहायला आले, तेव्हा माझ्या आवाजावरूनच त्याने मला ओळखलं. त्या शिक्षेबद्दल मात्र त्याने कधी चकार शब्द काढला नाही.

त्याची बायको जन्मापासून अंध. तिला सगळे कॅप्टन म्हणतात, कारण ती अंधांच्या संघाची कर्णधार आहे. त्यांच्या खेळात चेंडूच्या पोटात घंटा असते. समोरून घरंगळत येणारा चेंडू कानाने हेरायचा आणि अंग झोकून देऊन अडवायचा. मैदानाच्या रेषा दोरीवर चिकटपट्टी लावून केलेल्या, म्हणजे तळपायाला कळतात. कॅप्टनच्या कोपरांवर कायम निळे डाग असतात. नवरा मारतो का, असं एका नव्या नर्सने हळूच विचारलं, तर म्हणाली, “त्याचा नेम कुठला एवढा चांगला?”

घरातली तिसरी म्हणजे आत्या, ऑपरेटरची वाटाडी कुत्री. नऊ वर्षांची, मातकट रंगाची, कपाळावर कायम आठी. नाव कॅप्टनने ठेवलं. आत्या एकदा नाही म्हणाली की घरात कुणाचं काही चालत नाही, म्हणून. या कुत्र्यांना शिकवलेलंच असतं तसं. पुढे खड्डा असेल, गाडी येत असेल, तर मालकाने ‘चल’ म्हटलं तरी पाय रोवून उभं राहायचं. “माझी सगळी भिस्त तिच्या नकारावर आहे,” असं ऑपरेटर म्हणायचा.

संघाला सरावासाठी लाकडी जमिनीचं सभागृह हवं होतं. त्यासाठी मदतफेरी काढायचं ठरलं. रुग्णालयापासून क्रीडासंकुलापर्यंत सहा किलोमीटर चालायचं. भिंतीभिंतीवर आत्याच्या फोटोची पत्रकं लागली. कॅप्टनची अट एकच होती. पुढे डोळस माणूस नको. सगळ्यात पुढे आत्या आणि ऑपरेटर, त्यांच्यामागे एक लांब दोरी धरून संघाचे आठ खेळाडू, आणि बाकी सगळं गाव त्यांच्या मागून. एक दिवस तरी तुम्ही आमच्या मागे चाला, असं ती सभेत म्हणाली आणि टाळ्या पडल्या.

फेरीला तीन आठवडे होते. एका सकाळी वॉचमनने आपली सायकल अंगणात नेहमीच्या जागेऐवजी फाटकाजवळ लावली. मी खिडकीत होते. ऑपरेटर आणि आत्या नेहमीच्या चालीने आले आणि आत्या सरळ त्या सायकलवर जाऊन आदळली. इतक्या वर्षांत तिचं शेपूटही कशाला लागलेलं मी पाहिलं नव्हतं. ऑपरेटर हसला, आत्याची झोप झाली नाही म्हणाला. पण तो जरा लवकर हसला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी खाली गेले. काही न बोलता तिच्या डाव्या डोळ्यासमोर रुमाल हलवला. मग उजव्या. तिच्या बुबुळांत दुधाळ ढग होते आणि पापणी लवली नाही.

“काय तपासताय, बाई?” ऑपरेटरने विचारलं.

मी विचारलं, कधीपासून. तिच्या अंगावरच्या पट्ट्यांच्या, म्हणजे हार्नेसच्या, मुठीवरून अंगठा फिरवत त्याने सांगितलं. तीन-चार महिने झाले होते. आधी ती सावल्यांना अडायला लागली, मग उगीचच थांबायला लागली. रुग्णालय, दुकान, सरावाचं मैदान हे तीन रस्ते तिला पाठ होते म्हणून भागत होतं. वाटाडी कुत्री देणाऱ्या संस्थेला कळवलं असतं तर त्यांनी तिला निवृत्त केलं असतं, आणि निवृत्त कुत्रं डोळस माणसाच्याच घरी ठेवायचं, असा त्यांचा नियम. या घरात डोळस कुणी नव्हतं.

“तिला नेतील, बाई. आणि फेरीचं काय? कॅप्टनला हे माहीत नाही. तेवढी फेरी होऊ द्या, मग मी स्वतः फोन करतो.”

मी तेव्हाच ठाम नाही म्हणायला हवं होतं. त्याला वर्गाबाहेर उभं करताना मला एक क्षणही लागला नव्हता. या वेळी मी गप्प बसले.

मग रोज संध्याकाळी दोघं तो सहा किलोमीटरचा रस्ता चालू लागले. मी कधीकधी मागून जायची. प्रत्येक वळण, प्रत्येक दुभाजक तो तिच्याकडून घोटून घेत होता. एक गोष्ट मला खटकायची. ती मध्येच पाय रोवायची, समोर काही नसायचं, आणि तो म्हणायचा, “चल.” ती हलायची नाही. मग तो दरडावून दुसऱ्यांदा “चल” म्हणायचा, आणि ती कान पाडून निघायची. शेवटच्या आठवड्यात ती पहिल्याच ‘चल’ला निघू लागली. तो खूश झाला. मला ते बरं वाटलं नाही, पण का ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

फेरीचा दिवस उजाडला तो मळभ घेऊनच. वारा पडलेला, आवाज सगळे दबके. रुग्णालयाच्या फाटकाशी चारेकशे माणसं जमली होती. मुलं आत्याबरोबर फोटो काढत होती आणि ती ज्या बाजूने हाक येईल तिथून किंचित बाजूला बघत होती. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. कॅप्टनने दोरीला गाठी मारल्या आणि एकेका खेळाडूचा हात एकेका गाठीवर ठेवला.

निघायच्या वेळी वाहतूक पोलीस आला. बाजाराच्या रस्त्यावर आदल्या दिवशी पाण्याची वाहिनी फुटली होती, रस्ता खणलेला होता. फेरी कालव्याच्या कडेने न्या, असं तो सहज सांगून गेला.

त्या वाटेने आत्या कधीच गेली नव्हती. मी ऑपरेटरजवळ जाऊन हळूच म्हटलं, आता सांग. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मागून कॅप्टन ओरडली की साहेब, आज बोर्ड चालू आहे की एंगेज? लोक हसले. तोही हसला, आणि चालू लागला.

कालव्याची वाट अरुंद होती. एका बाजूला गोदामांची सलग भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी. कठडा होता, पण मध्ये कपडे धुणाऱ्यांच्या पायऱ्यांपाशी तो तुटलेला. मी मागच्या गर्दीत अडकले होते, पुढे घुसायला वाट नव्हती. आत्याची चाल मी लांबून पाहत होते. डोकं खाली, पाऊल उचलून क्षणभर अधांतरी धरायचं आणि मग टेकवायचं. अनोळखी घरात म्हातारं माणूस चालतं तसं ती चालत होती. तिच्यामागे तो, त्याच्यामागे दोरीवर आठजण, गाणं म्हणत.

वाट भिंतीबरोबर डावीकडे वळली. आत्या सरळ गेली आणि तुटलेल्या कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. पाण्याचा वास आला असेल, किंवा पंजाला धार लागली असेल. तिने चारही पाय रोवले.

“चल,” तो म्हणाला.

मी ओरडले. गाण्यात ते विरून गेलं. आत्याने एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे जिथे तो असावा तिथे, आणि पाऊल पुढे टाकलं.

हार्नेसला हिसका बसला. तो गुडघ्यांवर आपटला, पण मूठ सोडली नाही. आत्या काठाखाली पट्ट्यांवर लोंबत होती आणि तिच्या तोंडून आवाज येत नव्हता. कॅप्टनने त्याच्या पडण्याच्या आवाजाच्या दिशेने अंग झोकलं, चेंडू अडवताना झोकते तसंच, आणि त्याची कंबर मिठीत धरली. दोरी ताणली गेली. गाणं तुटलं. आम्ही पोहोचून कुत्रीला वर ओढलं तेव्हा ती थरथरत होती. ऑपरेटरचं मनगट मोडलं होतं.

त्याने तिथेच, चिखलात बसून, एका हाताने तिचे बंद सोडले. हार्नेस उतरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ती नाही म्हणाली होती. मीच तिची ती सवय मोडली.”

कॅप्टनने विचारलं, कधीपासून. त्याने सांगितलं. ती उभी राहिली, दोरी चाचपून आठही खेळाडू मोजले, आणि मला म्हणाली, “बाई, खांदा द्या.” पुढचा सगळा रस्ता तिचा हात माझ्या खांद्यावर होता. मला हे माहीत होतं का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं.

संस्थेची माणसं गुरुवारी आली. मी डोळस आहे आणि त्याच इमारतीत राहते, म्हणून आत्या माझ्याकडे राहिली. मी खुर्च्या हलवत नाही. नव्या कुत्र्याचा अर्ज ऑपरेटरने अजून भरलेला नाही, असं कॅप्टन सांगते.

पहिल्या आठवड्यात तो कामावर जाताना माझ्या दाराशी थांबायचा. मग ती दिवसभर अन्नाला तोंड लावायची नाही. आता तो थांबत नाही. पावणेआठला मी दाराच्या फटीतून बघते. बूट हातात, पांढरी काठी काखेत, तो नुसत्या मोज्यांवर जिना उतरतो, तिला चाहूल लागू नये म्हणून. तिला ती रोज लागते, वासाने. ती उठून दाराशी येते आणि आवाज करत नाही. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

काल जिन्याच्या वळणावर त्याचा पाय हुकला. दुखऱ्या हाताने कठडा पकडून तो श्वास रोखून बराच वेळ तसाच उभा राहिला. दाराच्या अलीकडे आत्याही उभी होती, चारही पाय रोवून.