कोऱ्या पानावरचे शेरे

वाचनालयातली पुस्तकं कधी ना कधी परत येतात. किस्से मात्र तिथंच मुक्काम ठोकतात! आमच्या मंगरूळपीरच्या वाचनालयात असे ढीगभर साचले. पण दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पुण्याहून आलेल्या एका नव्या पद्धतीच्या कादंबरीची सर कशालाच नाही.

टपालात तिची शिवण उसवली होती. ग्रंथपाल गुलाबरावांनी ती वाशीमच्या बाइंडरकडून बांधून आणली, मगच वाचायला काढली.

*

पहिला नंबर किराणावाले फुलचंद शेठ. चौथ्या दिवशी पुस्तक परत! "कादंबरीतला मानूस खिडकीपाशी बसून इचार करून राह्यला. मी चार दिवस दुकान उघडलं, बंद केलं, थो उठतच नाई जी!"

वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर शेरा लिहायचा, हा आमचा रिवाज. शेठनी लिहिलं, "कागद चांगला आहे."

*

मग मी. तहसिलीत कारकून, पण वाचनाची घमेंड भारी. तेविसाव्या पानापुढं गाडी जाईना! बायको म्हणाली, "काय जी, त्याच पानावर बिऱ्हाड केलं का?"

मुकाट्यानं परत केलं. "शेरा सवडीनं लिहितो," म्हणालो.

*

नंतर नाना मास्तरांनी नेली. आठच दिवसांत वळणदार अक्षरात शेरा: "संपूर्ण समजली. शेवट वाचून डोळे भरून आले."

माझ्या अंगाची लाही लाही झाली! हा भूगोल शिकवणारा मानूस, अन् याले समजते? मले नाई? त्यात वार्षिक उत्सवात कादंबरीवर भाषणही त्यांचंच ठरलं. मास्तरांची नुसती टोपी दिसली तरी मला जेवण गोड लागेना.

*

शेवटी राहवलं नाही. पुस्तक पुन्हा नेलं, दोन दिवस न उघडता घरात ठेवलं, आणि शेरा ठोकला: "शेवट तीनदा वाचला. दर वेळी निराळा अर्थ लागला!"

मास्तरांचा चेहरा असा पडला की काय सांगू! "तीनदा? मले तं दोनच अर्थ लागले." भाषणाला आता दोघांची नावं. त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली.

*

उत्सवाचा दिवस. मंडळी सतरंजीवर, आम्ही दोघं खुर्च्यांवर. तेवढ्यात गुलाबराव वाशीमहून आलेलं एक पुडकं घेऊन धापा टाकत आले.

"बाइंडर माफी मागून राह्यला जी! कादंबरीची शेवटची सोळा पानं त्याच्याजवळच राह्यली, बांधलीच नाई. आता शेवट आधी कोणाले देऊ?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पुडकं माझ्याकडे सरकवलं.

"घ्या जी. तुमची तं चौथी खेप!"