सोनीच्या जन्माची वेळ

बायांनो, ही चिठ्ठी वाचून पुढच्या घरी द्या. माझी नात सोनी जन्मली त्या दिवशी तुम्ही सगळ्या आमच्याकडे होतात, म्हणून विचारते.

आज सकाळी प्रकाशा गावच्या जोशीबुवांकडे गेले होते. पोरीला मंगळ आहे म्हणून शहाद्याच्या लोकांनी नकार कळवलाय. बुवांना म्हटलं, कुंडली वाचायची कशी ते मलाच शिकवा.

बुवांनी ओसरीवर खडूने बारा घरं काढली. वरचं मधलं ते पहिलं, तिथून डावीकडे मोजत जायचं. मी बोटाने मोजलं. मंगळ आठव्या घरात.

"पण पहिलं घर ठरतं कशावरून?"

"जन्मवेळेवरून. दोनेक तासांनी ते बदलतं. दिवेलागणीची वेळ तुम्हीच सांगितली होती, आजीबाई."

सांगितली होती खरी. पण मुलगी झाली म्हणून कुणी ताट वाजवलं नाही, की वेळ पाहिली नाही. बारशाला बुवांनी विचारलं तेव्हा तोंडाला आलं ते मी बोलले.

बुवा म्हणाले, "दोन तास आधी जन्मली असेल तर मंगळ नवव्यात, दोष नाही. नंतर असेल तर सातव्यात, दोष आहेच."

घरी आल्यापासून माझं बूड टेकत नाही. सोनी वर विचारते, "आजी, मन्ही येळ तुले बी मालूम नही का?"

सोनी जन्मली तेव्हा गुरं रानातून परतली होती का, आठवतं कुणाला? आठवत नसेल तर तसं सांगा. अंदाज पाठवू नका, तो मी एकदा करून बसलेय.