डावी मूठ

रांगत्या मुलांच्या खोलीत ती अकरा वर्षं काम करत होती. पाळणाघरात सगळे तिला बटणमावशी म्हणत. उमेदीची वर्षं तिनं कपडे शिवायच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर काढली होती. पुढे कंबरेनं दगा दिला, ते काम सुटलं आणि ती इथं आली. आल्या आल्या तिनं मोठ्या मुलांना बटण लावायला शिकता यावं म्हणून जाड कापडाच्या पट्ट्या करून त्यांवर बिस्किटाएवढी बटणं पक्की शिवून दिली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. कारखान्यातली एक खोड मात्र अंगात मुरली होती. समोर कुणीही येवो, तिची नजर तोंडाआधी हातावर जायची.

म्हणूनच गब्दूची मूठ तिला दिसली.

गब्दू साडेदहा महिन्यांची. गालांवरून सगळ्यांनी ठेवलेलं हे नाव. सातव्या महिन्यात आली तेव्हापासून हसरी, खाण्यापिण्याची कटकट नाही, झोपेची रडरड नाही. आई सकाळी कामावर जाताना सोडायची, संध्याकाळी आजोबा न्यायला यायचे. अशा मुलीकडे खोलीत कुणाचं फारसं लक्ष जात नाही. लक्ष जातं ते बोंबलणाऱ्याकडे.

त्या दिवशी मावशीनं चटईवर मुलांसमोर लाकडी ठोकळे पसरले होते. एक ठोकळा गब्दूच्या डाव्या गुडघ्यापाशी पडला. गब्दू कंबरेतून सगळी वळली, उजवा हात पोटावरून पलीकडे नेला आणि त्याच हातानं ठोकळा उचलला. डावा हात तसाच मांडीवर होता. मूठ मिटलेली, आणि अंगठा मुठीच्या आत.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं दुसरा ठोकळा मुद्दाम डावीकडे ठेवला. पुन्हा तेच. आता उजव्या हातात ठोकळा होताच, तेव्हा गब्दूनं आधी हातातला टाकून दिला आणि मग दुसरा उचलला. बाकीची पोरं दोन हातांत दोन ठोकळे घेऊन खणाखण आपटत होती.

पुढचे आठ दिवस मावशीला दुसरं काही सुचलं नाही. डोळ्यांत तेल घालून ती बघत राहिली. गब्दू रांगायची ती उजव्या कोपराच्या जोरावर, डावी बाजू मागून खुरडत यायची. उकडलेल्या बटाट्याचे बारीक तुकडे ती उजव्या हाताच्या दोन बोटांनी टिपायची, छान टिपायची. डाव्या हाताला मावशीनं हळूच उघडून तुकडा दिला, तर मूठ पुन्हा मिटली आणि बटाट्याचा चिखल झाला. रोज मावशी स्वतःची समजूत घालायची, की डाव्या हाताला काहीतरी लागलं असेल, सवय असेल, उद्या नीट होईल. आणि रोज सकाळी गब्दू आली, की हिचे डोळे आधी त्या मुठीवर.

सांगायचं तर कुणाला? आणि कसं? तीन वर्षांपूर्वीचं प्रकरण ती विसरली नव्हती. एक पोरगं चौदा महिन्यांचं झालं तरी आधार सोडून उभं राहीना. मावशीनं भाबडेपणानं त्याच्या आईला म्हटलं, "एकदा दाखवून घ्या हो." घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे धावाधाव, आजीनं अंथरूण धरलं. सोळाव्या महिन्यात ते पोरगं एका सकाळी उठून चालायला लागलं आणि दुपारपर्यंत खोलीभर पळत होतं. आठवड्याभरात त्यांनी त्याला पाळणाघरातून काढलं. जाताना त्याची आई म्हणाली, "तुमच्या एका वाक्यानं आमचे दोन महिने नासले." पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी तेव्हापासून नियमच केला, की असलं काही वाटलं तर आधी मला सांगायचं, पालकांशी परस्पर बोलायचं नाही.

मावशी बाईंकडे गेली.

"पुन्हा?" बाई म्हणाल्या. रागानं नाही, थकून.

"तुम्ही येऊन एकदा बघा ना."

बाई आल्या, चटईवर बसल्या. गब्दू त्यांच्याकडे बघून खुदकन हसली आणि उजव्या हातानं त्यांच्या बांगडीला झोंबली. "अगं, उजव्या हाताची आहे ती. तिची आई कौतुकानं सांगत होती परवाच."

"एवढ्याशा वयात मुलं कुठल्याच हाताची नसतात, बाई. दोन्हीकडून ओरबाडतात. अकरा वर्षं बघतेय मी."

बाईंनी बांगडी सोडवून घेतली. मग म्हणाल्या, "महिनाभर थांबू. त्यात वाटलंच तर मी बोलेन."

महिना. घरी मावशीनं नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू काय डॉक्टर आहेस? नोकरी जाईल उगाच." त्याचंही खोटं नव्हतं. भाजी चिरता चिरता ती स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. बटाटा धरायचा, फिरवायचा, सरकवायचा, सगळं तो हात न सांगता करत होता.

महिना थांबायची वेळच आली नाही. चौथ्याच दिवशी गब्दू बसल्या जागी डावीकडे कलंडली. मुलं कलंडतात तेव्हा त्या बाजूचा हात आपोआप जमिनीवर टेकतात. गब्दूचा हात आलाच नाही. चटईच्या बाहेर, फरशीवर, थेट कपाळ. टेंगूळ बघता बघता लिंबाएवढं झालं. मावशी दोनच हात अंतरावर होती. तिनं झेप घेतली, पण उशीर झाला.

बाईंनी फोन केला. आई कामावरून तशीच धावत आली, गळ्यातलं ओळखपत्रही काढायचं राहिलेलं.

"लक्ष कुठे होतं तुमचं?"

"तिथंच होते मी. चुकले," मावशी म्हणाली. इथंच थांबता आलं असतं. माफी मागायची, बर्फ लावायचा, विषय संपला. बाई तिच्याकडे डोळे वटारून बघत होत्या. पण खरं कारण पोटात ठेवून त्या आईच्या तोंडाकडे बघणं मावशीला जमेना. "ताई, एक दाखवू? मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा."

तिनं गब्दूला आईच्या मांडीवर बसवलं आणि तोंडावर एक पातळ रुमाल टाकला. गब्दूनं उजव्या हातानं तो ओढून काढला आणि हसली. मग मावशीनं उजवा हात अलगद स्वतःच्या हातात धरून ठेवला आणि पुन्हा रुमाल टाकला. गब्दूनं मान हलवली, उजवा हात सोडवायला ओढाओढ केली, आणि शेवटी रडायला लागली. डावा हात कोपरात थोडा हलला, तेवढाच. मूठ उघडली नाही.

आईनं रुमाल खसकन काढला. "ती उजव्या हाताची आहे," ती म्हणाली. आवाज मात्र आधीसारखा नव्हता. पिशवी उचलली, मुलीला छातीशी धरलं आणि निघून गेली. चप्पल नीट घालायलाही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या, "देव करो आणि तू चुकीची निघो."

"मलाही तेच हवंय," मावशी म्हणाली, आणि ते अगदी मनापासून होतं. आपण चुकीचे ठरावं, शिव्या खाव्यात, नोकरी गेली तरी जावी, पण त्या पोरीची मूठ उघडावी. नऊ दिवस गब्दू आली नाही. नऊ दिवस मावशीचा जीव टांगणीला. दाराची घंटा वाजली की हातातला चमचा तसाच राहायचा.

दहाव्या दिवशी आजोबा आले. एकटेच. नक्कीच गब्दूचं सामान न्यायला आले असणार, असं समजून मावशीनं खणातले तिचे कपडे गोळा करायला घेतले.

"राहू द्या ते," आजोबा म्हणाले. छोट्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर ते कसेबसे टेकले. "मेंदूचा स्कॅन झाला. जन्माच्या आधी किंवा जन्मताना केव्हातरी उजव्या बाजूला इजा झालीय, डॉक्टर म्हणाले. म्हणून डावी बाजू कमजोर. झालं ते पुसता येणार नाही. पण हाताला आत्तापासून शिकवलं तर पुष्कळ शिकेल. लवकर आलात, म्हणाले."

मावशीनं हातातले कपडे पुन्हा खणात ठेवले.

"मला दिसत होतं हो," आजोबा पुढे म्हणाले. "दोन महिने. बागेत बसून मी तिची मूठ उघडायचो, बोटं मोजायचो. मिटली की पुन्हा उघडायचो. मुलीला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही परक्या असून सांगितलंत." त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

गब्दू परत आली ती व्यायामांच्या कागदासह. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं, की रोज अर्धा तास उजव्या हातावर मऊ पिशवी चढवायची, म्हणजे खेळणं घ्यायला डाव्या हाताला पुढे यावंच लागेल. पिशवी मावशीनंच शिवली, आतून मऊ, मनगटाला सैल इलास्टिक. बाईंनी तो अर्धा तास तिला इतर कामातून मोकळं केलं.

तो अर्धा तास मावशीला नको व्हायचा. गब्दू चिडायची, पिशवी दातांनी ओढायची, डोकं मागे टाकून आक्रोश करायची. समोर आवडती घंटा, आणि हात पोचत नाही. मावशी गाणी म्हणायची, हाताखाली हात धरून मूठ घंटेपर्यंत न्यायची. आणि मनात सतत एकच धास्ती, आपण हिला छळत तर नाही ना? दुसऱ्या आठवड्यात गब्दू तिला दारात बघताच तोंड फिरवून आईच्या खांद्यात घुसायला लागली. ज्या पोरीसाठी सगळं केलं, ती हिचं तोंड बघायला तयार नाही. मावशीनं न्हाणीघरात जाऊन डोळे पुसले आणि ठरल्या वेळी पिशवी घेऊन बसली.

सातव्या आठवड्यात डावा हात घंटेवर आपटला. घंटा धरली नाही, हात नुसता आपटला. घंटा वाजली. गब्दू दचकली, तिनं घंटेकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि पुन्हा आपटला. मावशीनं एवढ्या जोरात "अगं बाई!" म्हटलं, की शेजारच्या खोलीतली झोपलेली पोरं उठली.

चौदाव्या महिन्यात अंगठा मुठीबाहेर राहायला लागला. एकोणिसाव्या महिन्यात गब्दू चालली. डावं पाऊल जरा घासत, पण चालली. मावशीशी तिचा अबोलाही कधीतरी विरघळला, कधी ते मावशीच्या लक्षातही आलं नाही.

गब्दूची आई मात्र फार दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलायची. एका संध्याकाळी आजोबांच्या ऐवजी ती न्यायला आली. गब्दू पायरीवर बसून बूट घालत होती. उजवा हात पट्टा ओढत होता, डावा हात बूट खाली दाबून धरत होता. बूट निसटायचा, डावा हात घसरायचा, पुन्हा टेकायचा. दोघी बघत उभ्या होत्या. मदत करायची नाही असं ठरलेलं होतं.

"शाळेत गेली की कसं होईल हो?" आईनं हळूच विचारलं. "धावताना? लिहिताना कागद धरायला?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली. खोटा धीर द्यायचं तिच्या जिवावर आलं. "मलाही धाकधूक वाटतेच. रोज वाटते."

आईनं मान हलवली. मग तीही गब्दूशेजारी पायरीवर बसली आणि मावशीसाठी थोडी सरकली. बूट चढायला अजून बराच वेळ लागणार होता.