पिपलानीचा क्लब, शफीकभाईंचे बाफले आणि मी

माणसं भोपाळला तलाव बघायला जातात. मला माझ्या बायकोनं एक फुटबॉल क्लब बंद करायला पाठवलं.

क्लब तिच्या भावाचा. विनायक, म्हणजे आमचा मेहुणा, तरुणपणी कोल्हापूर सोडून भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात लागला आणि तिथलाच झाला. कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीला, त्याला क्वार्टर मिळालं आणि त्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्यानं क्लब काढला. इतकी वर्षं क्लब दुसऱ्या श्रेणीत सुखानं हरत होता, तोवर कुणाची तक्रार नव्हती. यंदा तो जिंकायला लागला आणि सगळा घोटाळा झाला. शेवटचा एकच सामना उरला होता. तो नुसता बरोबरीत सुटला तरी क्लब पहिल्या श्रेणीत चढणार होता, आणि पहिल्या श्रेणीची प्रवेश फी सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी रोख भरायची होती. क्लबकडे दमडी नव्हती. विनायकच्या बायकोनं, शोभावहिनींनी, त्याला देवापुढे उभं करून शपथ घातली होती की घरातला एक रुपया क्लबला जाणार नाही. फी भरता आली नाही तर क्लबला कुलूप, हेही त्याच शपथेत होतं. तरी तो गुपचूप काहीतरी विकेल या धास्तीनं त्या फोनवर माझ्या बायकोपाशी रडल्या. बायकोनं माझं तिकीट काढलं.

"तुम्हाला फुटबॉलमधलं कळतं," ती भाकरी बांधता बांधता म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर ऐकेल तो."

मला फुटबॉलमधलं कळतं हे खरंच आहे. आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघात मी तीन मोसम चौदा नंबरचा शर्ट घालून होतो. त्या तीन मोसमांत मी एकदाही मैदानात उतरलो नाही, हा तपशील मी घरात फारसा चर्चेला येऊ देत नाही.

पुण्यात गाडी बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी भोपाळला उतरलो. स्टेशनाबाहेर थंडी मजबूत होती, म्हणून आधी चहा घेतला. पहिल्या घोटालाच तोंड वाकडं झालं. चहा खारट! आता कोल्हापूरचा माणूस अशा वेळी गप्प बसत नाही. मी टपरीवाल्याला माझ्या हिंदीत खडसावलं की साखरेच्या जागी मीठ पडलंय. त्यानं माझ्याकडे अतीव दयेनं पाहिलं.

"को खां, पेली बार आये हो क्या? भोपाल की चाय में नमक पड़ता ई है।" ('को खां' म्हणजे आपलं 'काय राव'. भोपाळात याशिवाय वाक्य सुरू होत नाही.)

पहिला पेला भांडत प्यालो, दुसरा मागून घेतला. सोबत पोहे आणि पोह्यांवर जिलेबी. पोह्यांवर जिलेबी ठेवणाऱ्या माणसांना क्लब बंद करण्याबद्दल काय समजावणार, ही शंका मला तिथेच यायला हवी होती.

पिपलानीला जाणाऱ्या सिटी बसमध्ये उजव्या बाजूला बसा, मोठा तलाव दिसेल, असं एकानं सांगितलं. मी उजव्या बाजूला बसलो. तलाव दिसला नाही. नंतर कळलं की तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्या माणसाला फक्त डावीकडची खिडकी हवी होती.

वसाहत मात्र छान. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंनी झाडं, एकसारखी क्वार्टरं आणि शिफ्ट सुटली की स्कूटरींचा पूर. विनायकचं क्वार्टर ओळखायला त्रास पडला नाही, कारण दारात गोलपोस्टची जाळी वाळत होती आणि तिच्यावर वहिनींच्या साड्या.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्या नागपूरच्या. "बसा म्हनलं असतं, पन बसान कुठी? सोफ्यावर फुटबॉल हायेत. बापा, माह्या घरात मले पाय ठेवाले जागा नाही, अन् हे पहिल्या श्रेणीत चालले."

खरोखरच सोफ्यावर फुटबॉल होते. जमिनीवर बूट होते. देवघराशेजारी रेफ्रीच्या दोन शिट्ट्या टांगल्या होत्या.

"दाजी!" विनायक आतून धावत आला. हातात इस्त्री आणि टीमचा शर्ट. शर्टाच्या छातीवर क्लबचं नाव बारीक आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत 'शफीक टेंट हाऊस – शादी, मुंडन, दावत'.

क्लबचं आर्थिक गणित मला त्या संध्याकाळी समजलं. क्लबला पैसे कुणीच देत नव्हतं, पण बाकी सगळं सगळे देत होते. शफीकभाई मांडव, खुर्च्या आणि जेवण देत. त्यांच्याच ओळखीचं बँडपथक फुकट वाजवी. सलूनवाला टीमचे केस कापी. दर सामन्याला मांडव, वाजंत्री आणि जेवण असलेला हा क्लब सगळ्या श्रेणीत श्रीमंत दिसत होता, आणि बॉलमध्ये हवा भरायचा पंप शेजाऱ्यांकडून आणत होता.

"शफीकभाई, फीचं तेवढं बघा ना," विनायक त्यांना म्हणाला, तेव्हा मी समोरच होतो. शफीकभाईंनी पानाची पिंक टाकून छातीवर हात ठेवला.

"विनायकभाई, शादियों का सीजन है, मेरा खुद का पैसा बाजार में घूम रिया है। नगद कां से लाऊं? पर कल मैच के बाद दाल-बाफले होंगे, देसी घी के। ये जुबान है अपनी।" (बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकडायचे, मग भाजायचे आणि शेवटी तुपात बुडवायचे. खाल्ल्यावर माणूस आडवा होतो.)

रात्रीच्या जेवणाला मी समजावायचं काम हाती घेतलं. "विनायक, झालं तेवढं पुष्कळ झालं," वगैरे. त्यानं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही खेळलेला माणूस. एकदा, फक्त एकदा, वरच्या श्रेणीच्या यादीत आपलं नाव बघायचंय हो. मग लावतो कुलूप." 'खेळलेला माणूस' म्हटल्यावर मी आणखी वरण मागून घेतलं आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सामना तीनला. मी रिकामा पाहुणा, म्हणून मला गेटवर स्वागताला उभं केलं. चार इमलीत, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीत, राहणारे कुणी मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते.

"ओळखू कसा?" मी विचारलं.

"वयस्कर आहेत, चष्मा आहे, कोट असतो. सोबत माणसं असतील," विनायक म्हणाला. "हार घालायचा आणि बँडवाल्यांना हात करायचा, बास." एवढं सांगून तो पोरांना घेऊन चुन्याच्या रेघा मारायला मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला गेला.

बारा वाजून गेले असतील. बँडवाले आदल्या दिवशीच्या तीन लग्नांनी दमून खुर्च्यांवर पेंगत होते. इतक्यात गेटातून एक बस आत शिरली. बसला झेंडूच्या माळा. पुढच्या काचेवर 'शुभ विवाह'. बँडमास्तरनं एक डोळा उघडला, बस पाहिली आणि काही विचार न करता ट्रम्पेट तोंडाला लावलं. त्याबरोबर सगळं पथक झोपेतल्या झोपेत वाजवायला लागलं. बसमधून पहिले उतरले ते वयस्कर, चष्मेवाले, कोट घातलेले गृहस्थ. मागून कडक नव्या ब्लेझरमधले पंधरा-सोळा तगडे तरुण.

मला काय ठाऊक? मी हार घातला.

ते प्रमुख पाहुणे नव्हते. ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बैरागढच्या टीमचे मालक लालचंदजी, कापडाचे व्यापारी, आणि तो आमच्याविरुद्ध खेळायला आलेला संघ होता. लग्नसराईत दुसरी बस मिळेना म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच्या वरातीची बस तशीच घेतली होती, आणि संध्याकाळी ती पुढच्या वरातीला द्यायची म्हणून लवकर निघाले होते. पण हे सगळं मागाहून कळलं. त्या क्षणी शफीकभाईंच्या माणसांनी बँड ऐकला, फुलांची बस पाहिली, हार पाहिला. त्यांच्या धंद्यात एकच नियम: ज्यांच्यापुढे बँड वाजतो ते वऱ्हाडी, आणि वऱ्हाडी उपाशी बसत नाहीत. दोन मिनिटांत गुलाबपाणी उडालं, गाद्यांच्या खुर्च्या आल्या, पत्रावळी पडल्या.

"अरे, मैच के पहले..." लालचंदजींनी हात वर केला.

"हुजूर, ना मत करो, हमारी नाक कट जाएगी," वाढपी म्हणाला आणि त्यानं बाफला फोडून वर तूप ओतलं.

पिपलानीत अशीच पद्धत असेल असं समजून ते बिचारे जेवले. मीही आग्रहाला कमी पडलो नाही. आमच्याकडे पाहुण्याला ताट रिकामं दिसू देत नाहीत. वहिनी तर तुपाचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होत्या. "घ्या न बापा, अजून येक. काय खाल्लं काय तुमी?" मराठी न कळणारी पोरं नुसतीच माना डोलावत होती आणि तेवढ्यात आणखी एक पडत होता. वर चुरम्याचे लाडू.

विनायक चुन्यानं माखलेला परत आला तेव्हा पंगत उठत होती. त्यानं एकेक चेहरा ओळखला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "हे तुम्ही काय केलंत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण संपलं, पाहुणे आलेच नाहीत (मीटिंग निघाली होती), आणि हार शत्रूच्या गळ्यात.

मग सामना सुरू झाला. पाचव्या मिनिटाला माझ्या ध्यानात आलं की बैरागढचे बॅक वळत नाहीयेत. वळायची त्यांची इच्छा दिसत होती, पण शरीर विचार करून मग वळत होतं. त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून उभा होता आणि त्याची हनुवटी छातीला लागली होती. आमच्या पोरांनी सकाळपासून केळ्यावर दिवस काढलेला. ती चिडलेली आणि हलकी. पहिला गोल आमचा झाला तेव्हा गोलकीपर जांभई देत होता, हे मी शपथेवर सांगतो.

मध्यंतरानंतर त्यांना पचायला लागलं. लालचंदजी रेषेवरून, गळ्यात माझा हार तसाच, ओरडत होते. एकास एक झालं. शेवटी शेवटी तर ते आमच्या गोलवर चालून चालून येत होते, विनायक डोळे मिटून उभा होता आणि मी कुलदैवताला नवस बोलत होतो. शेवटच्या मिनिटाला त्यांचा फॉरवर्ड बॉल घेऊन सुटला. समोर रिकामा गोल, आमचा कीपर आडवा पडलेला. पोरानं पाय उचलला, आणि तसाच पोट धरून खाली बसला. बॉल आपल्या चालीनं घरंगळत बाहेर गेला. शिट्टी वाजली.

आम्ही वर चढलो होतो. बँड वाजला, पोरं नाचली. विनायक मात्र मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. "नाव तेवढं चढलं, दाजी," तो म्हणाला. "उद्या फी नाही म्हटल्यावर पुसतील." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

तेवढ्यात लालचंदजी तरातरा आमच्याकडे आले. तक्रार करणार, आता निकालच फिरणार, असं वाटून मी उठून उभा राहिलो.

"बाफले किसने बनाए थे?" त्यांनी दरडावून विचारलं.

शफीकभाई पुढे झाले. "गुस्ताखी हमारी है, हुजूर।"

"अगले महीने मेरी बेटी की शादी है। सारा इंतजाम तुम करोगे। यही बाफले, यही बैंड।" मग माझ्याकडे बोट दाखवून, "और गेट पे यही आदमी।"

त्यांनी विसार तिथेच रोख मोजला. शफीकभाईंनी तो एका हातानं घेतला आणि दुसऱ्या हातानं, खिशाकडे न नेता, विनायकच्या मांडीवर ठेवला.

"लो खां, अब नगद आ गिया।"

लालचंदजींना उमगायला वेळ लागला. "मतलब मेरे ही पैसे से तुम ऊपर जा रहे हो?" ते म्हणाले, आणि मग इतके हसले की हाराची फुलं गळायला लागली. अट एकच घातली: लग्नात विनायकच्या सगळ्या टीमनं वरातीपुढे नाचायचं.

फी दुसऱ्या दिवशी भरली. नोटीस बोर्डावरची यादी विनायकनं तीनदा वाचली, मग मला वाचायला लावली.

निघताना वहिनी मला स्टेशनवर पोचवायला आल्या. मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, क्लब बंद करायला आलो आणि उलटंच करून बसलो. गेटवर माणसं ओळखता आली नाहीत.

"तुमाले नाही आली," वहिनी माझ्या पिशवीत चिवडा कोंबत म्हणाल्या. "मले आली होती. रात्री ह्यांचं बोलनं मी बी आयकलं होतं. येका पोराच्या ब्लेझरवर बैरागढ लिवलं होतं. मी वाचूनच तूप वाढलं, भाऊजी."

गाडी हलली, तरी त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या.

घरी पोचलो. बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, "झाला का बंद?"

मी पिशवी उघडली. वरच विनायकनं दिलेला टीमचा शर्ट निघाला. पुढे टेंट हाऊस, पाठीवर चौदा. नंबर मी त्याला सांगितला नव्हता. त्याच्या बहिणीनं सांगितला असणार. मग मी सगळं सांगितलं. तीन मोसम बाकावर बसलो होतो हेही सांगितलं, आणि परवा पिपलानीत आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे एक सामना फिरला हेही.

"बाकाचं मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे," ती म्हणाली. शर्ट उचलून तिनं उलटसुलट पाहिला, मानेजवळचा तुपाचा डाग नखानं खरवडला.

"धुऊन उलटा वाळत घाला," ती म्हणाली. "उन्हानं नंबर जाईल. पुढच्या महिन्यात गेटवर घालायचाय ना?"